सरकलेला ठसा

दिवसभर पावसाची झड आणि हवा दमट. ठसेकामात, म्हणजे शाईच्या ठशांनी शुभेच्छापत्रं सजवताना, अशा दिवशी चुका हटकून होतात. म्हणूनच त्यांच्याकडे नीट बघायला हा दिवस चांगला. बिघडलेलं कार्ड चुरगळून टाकण्याआधी ते का बिघडलं हे शोधावं. कारण सापडलं की तीच चूक हवी तेव्हा, हवी तिथे करता येते.

सरकलेला ठसा घेऊ. पारदर्शक पॉलिमरचा ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर घट्ट बसला नसेल किंवा उचलताना मनगट तिरपं झालं असेल, तर छापलेल्या पिंपळपानाला दोन कडा येतात. दोन्ही सारख्याच गडद असतात, म्हणून डोळ्यांना खुपतात. त्यातली एक फिकट असती, तर ती सावली वाटली असती. मग तसंच करायचं. ठशाला शाई लावून पहिला छाप रद्दी कागदावर घ्यायचा आणि पुन्हा शाई न लावता दुसरा कार्डावर. हा फिकट उमटतो. तो वाळला की ठशाला भरपूर शाई लावून ठसा 2-3 मिलिमीटर डावीकडे, थोडा वर ठेवून दाबायचा. कार्डावरच्या सगळ्या पानांची सावली एकाच बाजूला पडायला हवी, नाहीतर चूक ती चूकच दिसते.

नव्या पॉलिमर ठशावर शाई पसरत नाही, थेंब धरते आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासलं की ठसा शाई धरू लागतो. पण वाळक्या पानाला हा विरळपणा शोभून दिसतो! तो आणखी वाढवायचा असेल तर डाय शाई (कागदात मुरणारी, पाण्याने पसरणारी) लावलेल्या ठशावर हातभर अंतरावरून पाण्याचा एकच बारीक फवारा मारायचा, ठसा सरळ खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि सरळ वर उचलायचा. शिरांमधून रंग फुटून जलरंगासारखा दिसतो. कागद मात्र 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचाच हवा. पातळ कागदाला पाण्याने पोक येतो.

अक्षरांना यातलं काहीच चालत नाही. ‘शुभ दीपावली’तली वेलांटी फुटली की ती फुटलेलीच दिसते. तिथे वेगळ्या कागदाच्या पट्टीवर मजकूर उमटवावा आणि ती पट्टी फोम टेपने वर चिकटवावी. हा खरं तर झाकण्याचाच उपाय आहे, पण कार्ड वाचतं.

आता आजच्या हवेची खास चूक. एम्बॉसिंग पावडर ओल्या छापावर भुरभुरून तापवली की वितळून उठाव येतो, पण दमट कागदावर ती नको तिथेही चिकटते. ठसा मारण्याआधी टाल्कम पावडरची सुती पुरचुंडी कागदावरून फिरवली की हे बरंचसं टळतं. तरीही राहिलेले कण गरम करण्याआधी कोरड्या बारीक ब्रशने झटकावेत, कारण वितळल्यावर ते निघत नाहीत. इथे हेअर ड्रायर कामाचा नाही. त्याचा झोत पावडर उडवतो आणि तिला वितळवण्याइतकी उष्णता देत नाही.

आणि हेच कण हवे असतील तर? पांढरं कार्ड, पारदर्शक पावडर, पुरचुंडी फिरवायचीच नाही. कार्ड चिमट्यात धरून हीट गनने, म्हणजे खूप गरम हवेचा झोत सोडणाऱ्या उपकरणाने, खालच्या बाजूने तापवायचं, म्हणजे वरचे कण उडत नाहीत. कण चकाकले की थांबायचं, कार्ड गार होऊ द्यायचं आणि स्पंजने गडद निळी डाय शाई गोल गोल चोळायची. वितळलेल्या कणांवर शाई टिकत नाही. वरून टिश्यू फिरवला की निळ्यातून पांढरे ठिपके वर येतात आणि पणतीच्या ठशामागे चांदणं पडतं.