टिमगाड मॉडेल अपडेट : चौकोन झाला, आता बिशपचं गाव

टिमगाडच्या मॉडेलमधला मूळ शहराच्या ग्रिडचा चौकोन पूर्ण झाला मंडळी! नव्यांसाठी सांगतो, अल्जीरियातलं टिमगाड म्हणजे रोमनांचं थामुगादी, सम्राट ट्राजननं इ.स. १०० मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं. प्रत्यक्षातला ब्लॉक साधारण २० मीटरचा, म्हणजे १:५०० ला ४ सेंटीमीटर, सनबोर्ड कापत गेलं की हात बसतो. फक्त उत्तरेकडून येणारा कार्डो (उत्तर-दक्षिण रस्ता) फोरमपाशी (शहराच्या मधल्या चौकापाशी) थांबवा, आरपार नेऊ नका.

पण मला मॉडेल इ.स. ३९० च्या आसपासचं हवंय आणि तेव्हाचं टिमगाड बघायचं तर चौकोनाबाहेर पडावंच लागतं. बिशप इथे किमान २५६ पासून आहे, त्या साली कार्थेजच्या परिषदेला इथला नोव्हाटस हजर होता. चौथ्या शतकाच्या शेवटी मात्र इथे जोर डोनाटिस्टांचा (छळाच्या काळात धर्मग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या पाद्र्यांना न मानणारे), त्यांचा बिशप ऑप्टाटस, आफ्रिकेतला रोमन सेनापती गिल्डो याच्या खास गोटातला. गिल्डोचं बंड ३९८ मध्ये मोडलं आणि ऑप्टाटस कैदेत मेला. पश्चिमेच्या मोठ्या बॅसिलिकाशेजारच्या (बॅसिलिका म्हणजे इथे मोठं चर्च) घरात ऑप्टाटसचं नाव असलेलं मोझेक सापडलंय, म्हणून त्या बाजूला बेसला जास्तीचा एमडीएफ जोडलाय.

बॅसिलिका ६० मीटरच्या वर लांब, मॉडेलवर १२ सेंटीमीटरहून जास्त, म्हणजे तीन ब्लॉक एका रांगेत, ग्रिडमध्ये ही मावणार कुठे! शेजारच्या बाप्तिस्मागृहाचं छप्पर उघडं ठेवतोय, आतला षटकोनी हौद दिसलाच पाहिजे, जेमतेम काही मिलिमीटरचा आहे तरी. बॅसिलिकाचं छप्पर मात्र लाकडीच करणार, कारण ४२० च्या सुमारास शाही अधिकारी चर्च घ्यायला आला तेव्हा पुढचा बिशप गौडेन्टियस लोकांसकट आत जाळून घ्यायला निघाला होता, डोनाटिस्टांचा विरोधक कॅथलिक बिशप ऑगस्टिननं त्याला उत्तर म्हणून दोन पुस्तकं लिहिली, हे वाचल्यापासून ते छप्पर डोक्यातून जात नाहीये.

५३९ चा बायझंटाईन किल्ला घेत नाहीये, काळ जुळत नाही. शहर ओस पडलं पण धर्मप्रांताचं नाव टिकलं, कॅथलिक चर्चमध्ये थामुगादी आजही नाममात्र बिशपांची पदवी आहे, नेमप्लेटवर तेही लिहिणार.

पुढचं काम मुख्य रस्ता, निळसर चुनखडीच्या फरशीचा. ॲक्रिलिकच्या करड्यात निळा किती घालावा, कुणी केलंय का असं?