कूलरच्या शेडपासून कॅन्सर पेशंटच्या साच्यांपर्यंत: आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. जळगावात बसून तुम्ही कॅन्सर हॉस्पिटलला नेमकं काय देता असं बरेच जण विचारतात, फोनवर सांगून समजत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझे वडील इथल्याच एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात फिटर होते. जळगावच्या प्लास्टिक चटया कुठे कुठे जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी आयटीआय केलं आणि २०११ ला एक शेड भाड्याने घेतला. फायबरच्या टाक्या, कूलरच्या बॉडी, आइस बॉक्स अशी कामं. उन्हाळ्यात झोपायला वेळ नाही आणि पावसाळ्यात हाताला काम नाही, असं पाच वर्ष चाललं.

मग एक दिवस एका हॉस्पिटलचे फिजिसिस्ट सर (रेडिएशनचं मोजमाप बघणारे) एक तुटलेली पाटी घेऊन आले. रेडिएशनचा मास्क ज्या पाटीवर अडकवतात ती. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे ज्याला लाइट घेणं म्हणतात ते आठवड्यातून पाच दिवस असं कित्येक आठवडे चालतं, आणि दर वेळी पेशंट अगदी त्याच जागी त्याच पोझिशनला पाहिजे, काही मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी थोडी किरणं गाठीऐवजी चांगल्या भागाला लागू शकतात. म्हणून जाळीदार प्लास्टिकची शीट साधारण सत्तर डिग्रीच्या पाण्यात मऊ करून पेशंटच्या चेहऱ्यावर दाबतात, काही मिनिटात ती कडक होते आणि त्याच्याच चेहऱ्याचा साचा तयार होतो. ती पाटी चार दिवसात करून दिली. सरांना आवडली.

पण त्यांना खरं काम दुसरंच हवं होतं. काही कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या जोडीला गाठीला शेक देतात, हायपरथर्मिया. गाठ ४० ते ४३ डिग्रीपर्यंत तापवून साधारण तासभर ठेवायची, तेही रोज नाही, आठवड्यातून एक किंवा दोन वेळा, कारण लागोपाठ दिला तर पेशींना उष्णतेची सवय होते. गाठीच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत पण उष्णतेला लवकर बळी पडतात, शिवाय किरणांनी झालेली मोडतोड पेशी स्वतः दुरुस्त करत असते ते शेकामुळे अडतं. एवढ्या थोड्या पेशंटसाठी कशाला डोकं घालायचं असं मला आधी वाटलं होतं. सरांनी नेदरलँड्सच्या ट्रायलचे आकडे दाखवले, २००० साली लॅन्सेटमध्ये छापलेले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बायकांमध्ये तीन वर्षांनी नुसत्या रेडिएशनवाल्या २७ टक्के जिवंत होत्या आणि सोबत शेक दिलेल्या ५१ टक्के. त्या रात्री मी घरी कोणाशी फार बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

रेडिएशन आणि शेक दोन्हीला चालेल अशी पाटी करायची होती. पहिली कार्बन फायबरची केली, कारण रेडिएशनला सगळीकडे तीच वापरतात, किरणं तिच्यातून सहज जातात. कापड महाग, रेझिन महाग, आणि सरांनी बघताच बाजूला ठेवली. शेकाचं मशीन रेडिओसारख्या लहरींनी तापवतं आणि कार्बनमधून वीज वाहते, म्हणून मशीनजवळ ती चालणारच नाही. मला हे आधी विचारायला पाहिजे होतं. मग काचेच्या फायबरची केली, पण ती भरीव केली तर किरणं जास्त अडतात, तेव्हा आइस बॉक्सचं ज्ञान कामाला आलं, वर-खाली पातळ फायबर आणि मध्ये फोम, हलकी आणि ताठ. सगळे बोल्ट नायलॉनचे. तरी आटे धरायला मी पितळेच्या चार लहान बुश, म्हणजे नळ्या, आत टाकल्या होत्या, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. सरांनी चायना ग्रास, पाणी आणि मीठ यांचा मांसासारखा गोळा तयार केला, पाटीवर ठेवून शेक दिला आणि लगेच मधून कापून थर्मल कॅमेऱ्याखाली धरला. बुशजवळ लालभडक ठिपके. त्या ठिकाणी माणसाची कातडी असती तर काय झालं असतं हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या या पाट्यांमध्ये धातू नावाला नसतो, पॅकिंगच्या आधी मी स्वतः चुंबक आणि टॉर्च घेऊन बसतो, आणि पितळेला चुंबक लागत नाही म्हणून प्रत्येक भोक डोळ्यांनी बघतो.

पाटी झाली, पण माणसाचं काय हे आम्हाला एका मावशींनी शिकवलं. अमळनेरकडच्या, स्तनाचं ऑपरेशन होऊन गाठ परत छातीवर आलेली. रेडिएशनला हात डोक्यावर घेऊन झोपवतात, ते दहा-पंधरा मिनिटांचं काम. आम्ही त्याच पोझिशनचा साचा शेकालाही दिला. वीस मिनिटांनी मावशी म्हणाल्या, "भाऊ, मना खांदा दुखस." ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असतो हे मला माहीत होतं, पण माझं सगळं लक्ष पाटी सरळ आहे की नाही याच्यावर. खांदा दुखला की माणूस सरकतो, सरकला की पाण्याची पिशवी उचलली जाते. शेकाचं यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये शुद्ध पाणी फिरणारी ती पिशवी असते, ती घट्ट चिकटून बसली पाहिजे, मध्ये हवा राहिली तर तेवढ्याच जागी चटका बसायचा धोका. आणि ऑपरेशनच्या टाक्यांच्या आजूबाजूची कातडी बधिर असते, पेशंटला चटका कळतच नाही, म्हणून तिथे काचेच्या तारेचे सेन्सर लावतात.

मग आम्ही हाताच्या आधाराला दोन खाचा केल्या. रेडिएशनला वरची, तिथे जागेचा मिलिमीटर महत्त्वाचा. शेकाला खालची, हात बाजूला उतरवलेला, तिथे पिशवी छातीला सपाट बसणं महत्त्वाचं. साच्याचा छातीवरचा तुकडा वेगळा निघतो आणि उरलेल्या फ्रेमची कडा आम्ही त्या पेशंटच्या बरगड्यांच्या वळणाप्रमाणे घासतो, म्हणजे पिशवी एका बाजूला लोळत नाही. गळ्याच्या हाडाखालचा खळगा सगळ्यात त्रासाचा, बारीक माणसाला तिथे बोट जातं, तिथे पाण्याची छोटी उशी बसवतो. मावशींनी पुढच्या वेळी पूर्ण तास काढला, मध्ये डोळाही लागला त्यांचा. मी काचेच्या बाहेर उभा होतो, पाय दुखायला लागले तरी हललो नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. एका मे महिन्यात आम्ही सात तयार साचे दुपारच्या टेम्पोने पाठवले. मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद टेम्पोच्या आत किती झालं असेल देव जाणे, ही शीट साधारण साठला मऊ पडते. हॉस्पिटलला पोचले तेव्हा सातही साचे मऊ पडून आकार बिघडलेले, एका पेशंटचं रेडिएशन दोन दिवस लांबलं. पैसे परत केले, पण त्या दोन दिवसांचं काय करणार.

लायसनचं पण सांगतो, कारण नवीन मुलं विचारतात. मेडिकल डिव्हाइसचे नियम २०१७ चे आहेत आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून ए आणि बी या कमी धोक्याच्या वर्गांना ते लागू झाले. फायली, बॅच नंबर, कोणत्या शीटच्या रोलमधून कोणता साचा निघाला, सगळं लिहावं लागतं. सुरुवातीला खूप जड गेलं. आता त्या सात साच्यांच्या वेळी असली वही असती तर कारण शोधायला आठ दिवस गेले नसते असं वाटतं.

सध्या आम्ही नऊ जण आहोत. कूलर अजून करतो, त्याच्यावरच पगार निघतात, शेक देणारी हॉस्पिटलं मोजकीच आहेत आणि दर साचा वेगळा म्हणजे भाव लावायलाही अवघड. माप घ्यायला मी किंवा माझा भाचा स्वतः जातो, कुरियरने आलेल्या मापावर काम घेत नाही. किमो चालू असलेला पेशंट दोन-तीन आठवड्यात उतरतो, साचा ढिला होतो, म्हणून मध्ये एक चक्कर ठरलेली.

या आठवड्यात चोपड्याच्या एका आजोबांचा मानेचा साचा आहे. तो थर्माकोलच्या पेटीत भरलाय, पेटीत तापमानाची पट्टी चिकटवलीय, आणि रात्री साडेदहाच्या गाडीने भाचा मांडीवर घेऊन जाणार आहे.