पसरणी घाट आणि हब मोटर: 15 अँपिअरवर चढू नका

हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मध्यातच मोटर असलेल्या विजेच्या सायकलने वाई-पाचगणीचा पसरणी घाट चढता येतो, आणि व्यवस्थित येतो. मात्र दुकानदाराने 'घाटासाठी ट्यून' करून दिलेली सायकल घेऊन जाऊ नका. निघण्याआधी सर्व्हिसिंगला टाकली, तेव्हा एका दुकानात "पॉवर फुल करून देतो" म्हणत 1500 रुपये घेतले. काय केलं ते बिलावर लिहिलं नव्हतं. ते घाटात कळलं.

सायकल साधीच आहे: मागच्या चाकात 250 वॅटची हब मोटर, 36 व्होल्ट 10.4 अँपिअर-अवरची बॅटरी, पेडल फिरलं की चालू होणारा सेन्सर. वाईपर्यंत टेम्पोतून आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वाई ते पाचगणी साधारण 12 किलोमीटर आणि चढ साडेपाचशे मीटरच्या वर. सुरुवातीला सायकल पळत सुटली. निम्म्या घाटात पोचेपर्यंत मोटरच्या कव्हरला हात लावता येईना. डिस्प्लेवर व्होल्टेज बघत होतो: थांबल्यावर 35.6, पेडल मारलं की 33, मग 32, आणि 31.4 ला सगळं बंद. दहा मिनिटं थांबलं की आकडा परत वर, दोनशे मीटर गेलं की परत बंद. उरलेला घाट सायकल ढकलत चढलो. सामानासकट तीस किलो, शनिवारची गर्दी, आणि वळणावर एसटी आली की गटाराच्या कडेला अंग चोरून उभं राहायचं. खाली धोम धरणाचं पाणी दिसतं म्हणतात, मी पाहिलं नाही.

बॅटरी संपलेली नव्हती. करंट जास्त ओढला की व्होल्टेज खाली बसतं, आणि 31.5 च्या खाली गेलं की कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी) पुरवठा तोडतो. करंटची मर्यादा 10 वरून 15 अँपिअर केली की वायंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारांच्या गुंडाळीतली उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते, कारण ती करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यातून चढावर वेग कमी असला की हब मोटर खाल्लेल्या विजेचा मोठा भाग नुसता तापण्यात घालवते.

लॉजवर सेटिंग उघडलं. माझ्या डिस्प्लेवर वरचं आणि खालचं बटण एकत्र दाबून धरलं की मेनू येतो. पी14 म्हणजे करंटची मर्यादा, ती 15 होती. पी06 म्हणजे चाकाचा आकार, तिथे 26 च्या जागी 24 टाकलेलं. चाक लहान सांगितलं की कंट्रोलरला वेग कमी वाटतो आणि तो ताशी 25 किमीच्या पुढे जाऊ देतो. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि डिस्प्ले का जुळत नव्हते, ते तेव्हा उमगलं. हे काम दोन मिनिटांचं आहे, त्याचे 1500 रुपये कोणी मागितले तर सरळ उठून या. आणि 250 वॅट, 25 किमीची मर्यादा ओलांडली की सायकल कायद्याने सायकल राहत नाही, नोंदणी आणि लायसन्स लागतं.

महाबळेश्वरचा दिवस छान गेला, तो सोडून देतो. नंतर वाईला उतरून, बॅटरी भरून तोच घाट परत चढलो. पी14 वर 9, पी12 म्हणजे सुरुवातीचा झटका सगळ्यात कमी, चाक 26, असिस्ट (मोटरच्या मदतीची पातळी) पाचपैकी तीन. पुढचं गिअर लहान, पाय भरभर. एवढं एकच लक्षात ठेवा: वेग 10 च्या खाली जाऊ द्यायचा नाही. जातोय असं वाटलं तर असिस्ट वाढवू नका, गिअर उतरवा. तासाभरात पाचगणी! मोटर कोमट आणि बॅटरी निम्म्याच्या जवळपास शिल्लक. वर पोचल्यावर ओरडावंसं वाटलं, आणि ओरडलोही.

क्रँकजवळ, म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी मोटर असलेल्यांना हे आकडे लागू नाहीत, त्यांची मोटर सायकलचेच गिअर वापरते. पी क्रमांकही प्रत्येक डिस्प्लेवर वेगळे असतात. आधी सगळ्या पानांचे फोटो काढा, मगच हात लावा. पी15 म्हणजे पुरवठा तोडण्याचं व्होल्टेज, ते खाली आणून वेळ मारून नेऊ नका, सेल कायमचे जातात.

उतारावर बॅटरी चार्ज होते असं विक्रेते बिनदिक्कत सांगतात. माझ्यासारख्या, आतच छोटे गिअर असलेल्या हब मोटरमध्ये फ्रीव्हील असतं, उतारावर चाक मोटरला फिरवतच नाही, एक वॅटही परत येत नाही. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. पॅड जुने असतील तर वाईतच बदला.

चार्जिंगचं बोला आधीच. माझ्या लॉजवाल्याने रात्रीचे 150 रुपये लावले. पूर्ण बॅटरी भरायला अर्धं युनिटसुद्धा लागत नाही, व्यावसायिक दराने धरलं तरी दहा रुपयांच्या आत. 2 अँपिअरच्या चार्जरला पाच तास तरी लागतात, म्हणून मुक्कामाच्या जागीच लावावं लागतं आणि तिथेच अडवतात. खोली घेण्याआधी चार्जर दाखवून दर ठरवा. वीस रुपये ठीक आहेत, त्यावर देऊ नका.