छेद कुठाय?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की सगळा कोल्हापूर जिल्हा पाण्याकडे बघत असतो. आरोग्य विभागाचं अवघड काम मात्र पूर ओसरल्यावर सुरू होतं. विहिरी गढूळ, पाइपांत गाळ, आणि चार दिवसांत एखाद्या गावातून आशाताईंचा फोन येतो : जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढलेत. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) असो की एमडी कम्युनिटी मेडिसिन, शिकलेल्याचा कस इथे लागतो.

आधी ठरवायचं, पेशंट कुणाला म्हणायचं. 'अमुक तारखेपासून, या गावात राहणारा, 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला गेलेला' एवढं काटेकोर. ही व्याख्या मध्येच बदलली तर आकडा साथीमुळे हलला की व्याख्येमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग यादी : वय, गल्ली, त्रास सुरू झाल्याची तारीख, पिण्याचं पाणी कुठलं. तारीख विचारली की उत्तर येतं, "झालं की चार दिस." अशा वेळी "मावशी, बाजाराच्या आधी का नंतर?" असं विचारावं. तारखा चुकल्या तर रोजच्या नव्या रुग्णांचा आलेखही चुकतो. एकदम वर चढून उतरणारा आलेख बहुधा एकाच वेळच्या दूषित पाण्याकडे किंवा जेवणाकडे बोट दाखवतो.

आणि छेद, म्हणजे एकूण किती माणसांपैकी. समजा, वरच्या आळीत 36 पेशंट आहेत आणि खालच्या गल्लीत 24. सगळे वरच्या आळीकडे धावतात. पण वर माणसं 900, खाली 200. म्हणजे वर 4 टक्के आणि खाली 12 टक्के, तिप्पट. खणायला सुरुवात खालच्या गल्लीतल्या पाइपपासून करायची. माझ्या मते दोन-तीन वर्षांच्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची सवय हीच : रुग्णांचा आकडा ऐकला की 'कितीपैकी?' विचारणं.

काविळीत काळाचा हिशोब फार फसवतो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-ई या काविळीचा अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, 2 ते 10 आठवडे असतो. आज डोळे पिवळे झालेल्यानं दूषित पाणी प्यायलंय ते महिना-दीड महिन्यापूर्वी. आजचा नमुना स्वच्छ आला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. मागच्या दोन-अडीच महिन्यांतल्या गळती-दुरुस्तीच्या नोंदी मागवायच्या. यादीत गरोदर बायका वेगळ्या काढायच्या, कारण शेवटच्या तिमाहीत हा आजार जिवावर बेततो.

पाण्याचा नमुना घेतानाही हमखास एक चूक होते. निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट नसेल, तर पाण्यातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि अहवाल येतो 'पिण्यायोग्य'. बाटली बर्फाच्या डब्यातून, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचा, पण ओआरएस त्यासाठी एक मिनिटही थांबवायचं नाही.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) अंदाजानं ओतू नये. व्यास 3 मीटर, पाण्याची खोली 4 मीटर असेल तर 0.785 × 3 × 3 × 4, म्हणजे सुमारे 28 घनमीटर, 28 हजार लिटर. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम धरले तर 70 ग्रॅम. हा हिशोब 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. पावसाळी दमट हवेत उघडं राहिलेलं पोतं ती ताकद गमावतं, आणि गढूळ पाणी स्वतःच क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणून गाळ आधी बसू द्यावा. पावडर थोड्या पाण्यात कालवून, आणखी पाणी घालून ढवळावी, चुना तळाला बसला की वरचं पाणी बादलीनं विहिरीत सोडून हलवावं. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासायची चाचणी. 0.5 पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) क्लोरीन दिसलं पाहिजे. नळयोजना असेल तर जलसुरक्षकानं ही टेस्ट टाकीजवळ नव्हे, शेवटच्या घरच्या नळावर करावी.

पेशंट यायचे थांबले म्हणून लगेच पथक हलवू नये. शेवटच्या रुग्णानंतर कमाल अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस घरोघर फिरायचं. पटकीचा (कॉलऱ्याचा) हा काळ 5 दिवस, म्हणजे आणखी 10 दिवस गल्ल्या तुडवायच्या.