डिकी मैदानाकडे करा

पोलो बघायला गेलो त्या पहिल्या वर्षी आम्ही गाडी उलटी लावली. म्हणजे आपण कुठेही लावतो तशीच, बोनेट पुढे करून. मग लक्षात आलं की रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या डिक्या मैदानाकडे आहेत आणि आमचीच पाठ फिरलेली. शेजारच्या आजींनी काही न बोलता बोट हवेत गोल फिरवून दाखवलं. त्यांच्या डिकीपुढे पांढरं टेबलक्लॉथ, फुलदाणी, काचेचे पेले. आमच्याकडे मटकीची उसळ, पाव, कोथिंबीर वड्या, दोन थर्मास चहा आणि एक सतरंजी, तीही एका कोपऱ्यात उसवलेली.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्टजवळ पोर्ट्समथ गाव आहे, तिथल्या ग्लेन फार्मवर उन्हाळाभर शनिवारी संध्याकाळी पोलो असतो. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "कोणाच्या ओळखीनं?" तिच्या डोळ्यांसमोर राजेमहाराजे. म्हटलं, अगं, तिकीट काढायचं, गाडी गवतावर लावायची आणि डिकी उघडून जेवायचं.

खरं सांगायचं तर पहिले दोन उन्हाळे आम्ही खेळ बघितलाच नाही. आम्ही चार घरं, आठवडाभराच्या गप्पा साठलेल्या, समोर घोडे पळतायत म्हणून कोण थांबणार? त्यात मैदान ३०० यार्ड लांब. खेळ पलीकडच्या टोकाला गेला की घोडे मुंग्यांएवढे दिसतात. मधूनच टापांचा आवाज वाढत यायचा, आठ घोडे अंगावर आल्यासारखे समोरून जायचे, हातातला पाव तसाच राहायचा. ते गेले की पुन्हा शाळांच्या अ‍ॅडमिशन.

मी बघायला लागले ती घोड्यांमुळे. थर्मास घेऊन फिरत फिरत घोडे बांधतात त्या बाजूला गेले होते. एक करडी घोडी नुकतीच खेळून आली होती. नाकपुड्या लाल, पोटाखालून घाम टपकतोय. सांभाळणाऱ्या मुलानं तिच्या मानेवर बादलीभर पाणी ओतलं आणि पट्टीसारख्या कशानं तरी ते वरून खाली निथळवून काढलं. पाणी फेसाळ, जवळजवळ पांढरं. आयाळ पार कापलेली, शेपटी वेणी घालून, दुमडून वर बांधलेली. खेळाडूची काठी केसांत अडकू नये म्हणून. साडेसात मिनिटांच्या एका चक्करमध्ये, म्हणजे खेळाच्या एका डावात, घोड्याचा एवढा दम निघतो की पुढच्या चक्करला ताजा घोडा घ्यावा लागतो. चक्कर हा आपलाच शब्द, इथे त्याचा 'चकर' होतो. आमचा नागपूरकर हे दर शनिवारी कोणाला तरी सांगतोच. आणि १८७६ साली जेम्स गॉर्डन बेनेट या वर्तमानपत्रवाल्यानं हा खेळ अमेरिकेत आणला, त्याच्या कितीतरी आधीपासून मणिपुरात तो चालू होता, हेही. ऐकणारा सापडला नाही तर आम्हालाच.

शिट्टी का वाजते हे मात्र मला हायवेनं शिकवलं. चेंडू ज्या रेषेत चाललाय, ती त्याच्यामागून येणाऱ्याची लेन. तिच्यात आडवं घुसलात की फाउल. बाजूनं येऊन खांद्याला खांदा लावून त्याला लेनबाहेर ढकललंत तर चालतं. (हे हायवेवर करू नये.) माझा नवरा डावखुरा. काठी उजव्याच हातात धरावी लागते हे कळल्यावर, आपण जणू आत्ता खेळायलाच उतरणार होतो, अशा थाटात तो चिडला.

भारताचा संघ आला त्या शनिवारी आमच्याकडे तीन गाड्या होत्या आणि आवाज तर सहांचा. पोलोत प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलतात, हे आम्हाला माहीत होतं. तरी उसळ वाढून घेण्याच्या नादात एक गोल निसटला आणि पुढचा गोल आमच्या अख्ख्या रांगेनं उभं राहून, शिट्ट्या मारून साजरा केला. तो अमेरिकेचा होता. टेबलक्लॉथवाल्या आजींनी पेला वर करून आमचे आभार मानले.

मध्यंतरात सगळे मैदानात उतरतात, टापांनी उखडलेलं गवत पायानं दाबून बसवायला. ढेकूळ उलटं पडलेलं असतं, मुळं वर, खाली ओली माती. ते हातानं सुलटं करायचं, खळग्यात ठेवायचं आणि टाच रोवायची. उंच टाचांच्या बायका इथे हमखास रुततात. मी आता जुने बूट नेते. आजी अनवाणी येतात. शेजारीशेजारी ढेकळं दाबताना त्यांनी वड्यांची कृती विचारली. बेसन कुठपर्यंत समजलं कोण जाणे, पण पुढच्या शनिवारी त्यांनी रिकामा डबा आणला.

पूर्वी ट्रॅफिक चुकवायला आम्ही पाचव्या चक्करलाच डबे भरायचो. आता शेवटची घंटा होते, घोडे ट्रेलरमध्ये चढतात, डास यायला लागतात, तरी डिकी उघडीच असते. परवा करड्या घोडीचा ट्रेलर आमच्यासमोरून गेला तेव्हा दुसऱ्या थर्मासमधला चहा संपायचा होता.