पुलावरची जकात

मेलबर्नहून जवळजवळ ३०० किलोमीटर गाडी हाकून आम्ही कोरोवाला पोचलो, तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि अख्ख्या गावात चहा मिळेना. एका दुकानातली मुलगी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. तिने मान हलवून नाही म्हटलं, पण हसून. लेक म्हणाला, "आई, लोक ऑस्ट्रेलियात येऊन ऑपेरा हाउस बघतात. तू पूल बघायला आलीस." सुनेने त्याच्याकडे डोळे वटारले, पण तिलाही तसंच वाटत असणार.

चूक माझीच. काही दिवस आधी मरे नदीकाठचं ऑल्बरी स्टेशन बघितलं तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. मी मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. पुण्याकडची ब्रॉडगेज, हुबळीकडची मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या एका गावात. मध्यरात्री होल्डॉल डोक्यावर घेऊन पळणारे हमाल आणि "गाडी सुटली का हो?" म्हणत धावणारी माणसं बघतच मी मोठी झाले. ऑल्बरीचा तो न संपणारा प्लॅटफॉर्म बघताक्षणी ओळखीचा वाटला. सिडनीकडून आलेला रूळ १४३५ मिलिमीटरचा, मेलबर्नकडचा १६०० चा. १८८३ साली नदीवर पूल बांधून दोन्ही जोडले खरे, पण गाडी पुढे जाईना. माणसं, टपाल, मेंढ्या, सगळं उतरवून पलीकडच्या गाडीत चढवायचं. देश एक झाला १९०१ मध्ये आणि सिडनीहून मेलबर्नपर्यंत सलग एका मापाचा रूळ आला १९६२ मध्ये! हे वाचून मी प्लॅटफॉर्मवर एकटीच हसले. नातवाने विचारलं, "आजी, काय झालं?" त्याला काय सांगणार?

तर कोरोवा. गाव मरे नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये. पलीकडे वागुन्या, म्हणजे व्हिक्टोरिया. मधे १८९२ चा पूल. आज चालत पाच-सात मिनिटांत पार होतो. पण त्या काळात ह्या दोन वेगळ्या वसाहती होत्या, आणि वेगळ्या म्हणजे अगदी वैऱ्यासारख्या. न्यू साउथ वेल्सला खुला व्यापार हवा, व्हिक्टोरियाला स्वतःच्या मालाला संरक्षण हवं. म्हणून पुलाशी जकात. कोरोवाच्या शेतकऱ्याला सिडनी लांब, सहाशे किलोमीटर. बाजार त्याचा मेलबर्नचा. गुरंमेंढरं दक्षिणेकडे हाकली की पलीकडे कर मोजायचा. सांगलीच्या जकात नाक्यावर ट्रकमागे ट्रक लावून चिठ्ठी फाडून घेणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळ्या वसाहतींचा एक देश करायचा म्हणून मोठमोठी भाषणं झाली होती आधीच. न्यू साउथ वेल्सचा पुढारी हेन्री पार्क्स १८८९ मध्ये टेंटरफील्ड गावी बोलला, १८९१ मध्ये सिडनीत सगळ्या वसाहतींचे पुढारी बसले, त्यांनी संविधानाचा मसुदाही केला. आणि मग तो बासनात गेला, कारण प्रत्येक वसाहतीच्या विधिमंडळाला दुसरी कामं होती. चिडले ते नदीकाठचे लोक. एकीकरणाचा पुढारी एडमंड बार्टन इकडे येऊन गेला, गावोगावी फेडरेशन लीग, म्हणजे एकीकरणाच्या संघटना निघाल्या, आणि ३१ जुलै व १ ऑगस्ट १८९३ ला ह्या एवढ्याशा कोरोवात परिषद भरली. तिथेही भाषणंच चालू होती. शेवटी कुणीतरी वैतागलं की नुसतं बोलून काय होणार. तेव्हा बेंडिगोचा वकील जॉन क्विक याने घाईघाईत ठराव खरडला: प्रत्येक वसाहतीने कायदा करावा, लोकांनी मतदान करून प्रतिनिधी निवडावेत, त्यांनी संविधान लिहावं आणि ते पुन्हा लोकांपुढे मताला ठेवावं. म्हणजे पुढाऱ्यांच्या हातून पेन काढून घेतलं. हा क्विक दहाव्या वर्षी लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागलेला, बापाविना वाढलेला.

पुढची घासाघीस लग्नाच्या बैठकीसारखीच. १८९८ ला संविधान मताला ठेवलं तेव्हा न्यू साउथ वेल्समध्ये होकार जास्त पडले, ७१,५९५ विरुद्ध ६६,२२८, पण अट होती किमान ८०,००० होकारांची, म्हणून प्रस्ताव पडला. मग पंतप्रधान बसले (तेव्हा प्रत्येक वसाहतीचा वेगळा), आणि राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, असं ठरलं. मान कुणाचा, पंगत कुठे, सगळं आलं. कॅनबेरा आहे ते त्या रुसव्याफुगव्यातून. न्यूझीलंड आधी चर्चेला होतं, नंतर बाजूला झालं.

पण हे सगळं पुस्तकातलं. मला हलवलं ते मोटेलच्या मालकिणीने. खोली गारठलेली, हीटर खोकणारा. जुलैत इथे थंडी असते हे मी मनावर घेतलं नव्हतं. जास्तीची रजई मागायला गेले तर तिने चहा केला. दिवसातला पहिला बरा चहा. मी पुलाचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जुन्या जकातीचं म्हणताय. आमच्यासाठी पूल म्हणजे २०२०." कोविडमध्ये ८ जुलैला दोन राज्यांची सीमा बंद झाली. १९१९ च्या साथीनंतर पहिल्यांदाच. तिची आई वागुन्याकडे, ती इकडे. पुलावर पोलीस, गाड्यांच्या रांगा, परवाना दाखवा. "दूध इकडे, पाव तिकडे," ती म्हणाली, आणि मग गप्प झाली. आई त्याच वर्षी गेली का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी सीमा उघडली एवढंच म्हणाली.

संविधानाच्या ९२ व्या कलमात लिहिलंय की राज्याराज्यांतला व्यापार आणि येणं-जाणं पूर्णपणे मुक्त राहील. ह्याच नदीकाठच्या लोकांच्या कटकटीतून ते आलं. आणि त्याच पुलावर पोलीस परवाने बघत उभे.

रात्री झोप लागली नाही. एक गोष्ट टोचत होती. कोरोवाच्या परिषदेत 'ऑस्ट्रेलियन नेटिव्ह्ज असोसिएशन'वाले होते, आणि नेटिव्ह म्हणजे इथे जन्मलेले गोरे! खरे मूळ रहिवासी ह्या एकत्र येण्यात कुठेच नव्हते. १२७ व्या कलमाने तर लोकसंख्येच्या मोजणीतूनच त्यांना वगळलं, ते गेलं १९६७ ला. आणि नव्या संसदेने पहिल्याच वर्षी परकीयांना रोखायचा कायदा केला: अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन. माझ्या लेकाला इंग्रजी फर्डं येतं, तर त्याला जर्मनमध्ये घातलं असतं. सकाळी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "नापास झालो असतो, तर आज पूल बघायला यावं लागलं नसतं."

निघताना पूल ओलांडून वागुन्याच्या काठावर बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डोक्यावर काकाकुव्यांचा कर्कश गोंधळ. लेकाने नव्या गळाची दोरी पाण्यात टाकली. शेजारी कुत्रं घेऊन फिरणारे एक आजोबा थांबले. "परवाना आहे का? न्यू साउथ वेल्सचा?" लेक म्हणाला, "आम्ही तर व्हिक्टोरियात बसलोय ना?" आजोबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही व्हिक्टोरियात. पाणी न्यू साउथ वेल्सचं. सीमा ह्या काठाच्या माथ्यावर आहे, १८५५ पासून."

लेकाने दोरी गुंडाळली, फोन काढला आणि पलीकडच्या राज्याचे पैसे भरले. दोन तास बसलो. मासा एकही लागला नाही.