आमची वाटचाल : चार्जर परत घेतला, कोड राहिला

2019 मध्ये इंदूरच्या रामबागेत, आमच्याच घराच्या माडीवर दोन टेबलं आणि एक कूलर मांडून सुरुवात केली. काम आडत्यांच्या बिलिंगचं. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, माझ्या वैयक्तिक खात्यात. फुकटच्या खासगी रिपोत (कोडच्या कपाटात म्हणा) तेव्हा तीनच कोलॅबोरेटर, म्हणजे बरोबरीने काम करणारे, चालायचे, म्हणून चौथ्या मुलाला मी सरळ माझाच पासवर्ड दिला. एप्रिल 2020 मध्ये ती मर्यादा उठली आणि मी येईल त्याला आत घेत गेलो. वैयक्तिक खात्यातल्या खासगी रिपोत कोलॅबोरेटर झाला की कोड बदलायचा हक्क आपसूक मिळतो, नुसतं वाचायला देता येत नाही. तेव्हा कोणाला पडली होती!

मग एका ग्राहकाने विचारलं, आमचा कोड कोणकोण बघतं? यादी उघडली तर आठ नावं, त्यातली तीन मुलं केव्हाच पुण्याला गेलेली. एकाला तर आम्ही सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाऊ घालून निरोप दिला होता. त्याच्याकडून चार्जरसुद्धा सही करून परत घेतला होता. गैरवापर कोणी केला नाही, पण ग्राहकासमोर मान खाली गेली. नाव काढलं तरी त्यांच्या लॅपटॉपवरची प्रत थोडीच पुसली जाते?

त्यानंतर गिटहबवर ऑर्गनायझेशन, म्हणजे कंपनीचं सामाईक खातं, उघडली. सगळ्या सदस्यांना मुळात मिळणारा रीडचा, म्हणजे कोड वाचायचा, हक्क आधी बंद केला आणि टीमप्रमाणे वाटप केलं. टेस्टिंगवाल्याला ट्रायेज, म्हणजे तक्रारी लावा, मिटवा, कोडला हात नाही. ओनर, म्हणजे खात्याचे मालक, दोघं, मी आणि बायको. ती हिशेब बघते. रिकव्हरी कोडचा (खात्यात शिरता आलं नाही तर लागणाऱ्या आकड्या-अक्षरांचा) कागद तिच्या कपाटात, एफडीच्या पावत्यांबरोबर.

ॲडमिनचा, म्हणजे सगळं करता येण्याचा, हक्क मात्र मी सोडला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर रात्री दीडला मेनवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, फोर्स पुश केला, म्हणजे तिथलं खोडून माझंच जबरदस्तीने चढवलं, आणि आमच्या सीनियर मुलीचं दोन दिवसांचं काम उडवलं. तिच्या मशिनवर प्रत होती म्हणून वाचलो. सकाळी ती एवढंच म्हणाली, "दादा, आधी तुमचा हात बांधा."

गिटहबच्या टीम प्लॅनचे पैसे भरले, मेन ब्रँचला संरक्षण लावलं आणि ॲडमिनलाही नियम चुकवता येणार नाही ती खूण केली. आता माझा बदल तिच्या मंजुरीशिवाय जात नाही. परवा तिने तो तीनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा तर एका व्हेरिएबलच्या नावावरून.